सोडून गेलेला शिक्षक

कोणत्याही शिक्षणसंस्थेची स्मरणिका उघडावी. स्थापनेच्या प्रकरणात पाच-सहा नावे भक्तिभावाने घेतलेली असतात. पुढे इमारती येतात, देणगीदार येतात, निकालाचे तक्ते येतात. आणि मध्येच कुठेतरी त्या पाच-सहा नावांतले एखादे नाव नाहीसे होते. ते का नाहीसे झाले, हे लिहिलेले नसते. गावातल्या जुन्या माणसांना विचारले तर ते म्हणतात, “त्यांचं नि संस्थेचं बिनसलं होतं.” त्या बिनसण्याविषयी संस्थेने काय लिहावे आणि सोडून गेलेल्या माणसाशी पुढे कसे वागावे, हा प्रश्न मोखाड्याकडच्या पोशेरा गावाच्या परिसरातल्या शाळांना जितका लागू आहे तितकाच पुण्यातल्या मोठ्या संस्थांनाही. म्हणून मोखाडा-जव्हारच्या वाचकांसाठी इथे एका मोठ्या संस्थेचा इतिहास तिच्या सर्वांत अवघड वर्षाच्या अंगाने सांगतो आहे. संस्था आहे डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि ते वर्ष आहे १८९०.

सुरुवात त्याआधी दहा वर्षे झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली, आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. बाळ गंगाधर टिळक पहिल्या दिवसापासून सोबत होते, महादेव बल्लाळ नामजोशीही होते. गोपाळ गणेश आगरकर परीक्षा उरकून पुढच्या वर्षी आले, वामन शिवराम आपटेही येऊन मिळाले. ही सगळी मुले पंचविशीच्या आसपासची. सरकारी खात्यात मोठा पगार मिळण्याची पात्रता असताना त्यांनी खासगी शाळेतला तुटपुंजा पगार पत्करला होता. आगरकरांच्या घरी तर अठराविश्वे दारिद्र्य. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे पत्र त्यांनी आईला लिहिले होते, आणि ते शेवटपर्यंत तसेच जगले.

१८८१ च्या जानेवारीत याच मंडळींची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वर्तमानपत्रे निघाली. कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर लिहिलेल्या मजकुरामुळे अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर दोघेही मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले. चार महिन्यांच्या शिक्षेतले १०१ दिवस त्यांनी एकत्र काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते. शाळेचा पहिला आधार गेला आणि दोन तरुण शिक्षक तुरुंगात, अशा अवस्थेत शाळा मोडायला हवी होती. ती मोडली नाही. शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर आयोगाच्या अध्यक्षांनी ही शाळा पाहून तिची तोंडभरून स्तुती केली.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. पैसा उभा करताना टिळक आणि नामजोशी संस्थानिकांचे उंबरे झिजवत फिरले. आपटे प्राचार्य झाले. गणिताच्या वर्गावर टिळक होते. संस्थेचा कणा म्हणजे तिचे आजीव सदस्य. वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा, महिना ७५ रुपये, मागे कुटुंबासाठी विम्याची सोय. संस्थेचा मालक कोणी नाही, शिकवणारेच तिचे चालक. महाराष्ट्रातल्या पुढच्या कितीतरी संस्थांनी हा नमुना उचलला. भांडणही याच नमुन्यातून निघाले.

टिळकांचे म्हणणे सरळ होते. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेला द्यावी. बाहेरून मिळणारा पैसा खिशात घालू नये, बाहेरची कामे अंगावर घेऊ नयेत. जेझुइट पाद्री जसे आपल्या संघाला वाहून घेतात, तसे हे व्रत असावे, अशी त्यांची कल्पना होती. दुसऱ्या बाजूला आगरकर, आपटे आणि नंतर आलेले तरुण गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. ७५ रुपयांत संसार चालत नाही, शाळेचे काम चोख होत असेल तर उरलेल्या वेळात माणसाने पुस्तक लिहावे, सार्वजनिक काम करावे, त्यावर बंदी कशासाठी? आपट्यांचे कोश विकले जात होते, गोखल्यांचे अंकगणित शाळाशाळांत गेले. शिवाय वर्तमानपत्र चालवणारे टिळक स्वतःच बाहेरच्या कामात होते, हा प्रतिपक्षाचा मुद्दाही बिनतोड होता.

यात सामाजिक सुधारणेचा वाद मिसळला. बालविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण यांवर आगरकर आणि टिळक यांची मते एका ‘केसरी’त मावेनाशी झाली. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. एकाच शिक्षकखोलीत बसणारे दोघे जण आठवड्याला एकमेकांच्या विरुद्ध छापू लागले. त्या खोलीत वावरणाऱ्या इतर शिक्षकांच्या मनावर त्याचा काय ताण असेल! त्यांच्या बाजूने कोणी लिहिलेले मला आढळले नाही, आणि या इतिहासातली ती मोठी उणीव मला वाटते.

ठिणगी पडली ती १८९० मध्ये. चोवीस वर्षांच्या गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले. हे काम रोजचा वेळ खाणारे आहे, ते घेऊ नये, असा टिळकांचा आग्रह. बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले. ऑक्टोबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्याची कारणे देणारे एक लांबलचक निवेदन संस्थेला सादर केले. दहा वर्षांत साठलेली एकेक तक्रार त्यात तारीखवार मांडली होती. त्यांचे वय चौतीस होते. संस्थेने राजीनामा मंजूर केला. टिळकांनी वर्तमानपत्रे त्यांच्या कर्जासकट अंगावर घेतली, पोटासाठी कायद्याचे वर्ग चालवले, लातूरला भागीदारीत सरकी काढण्याच्या गिरणीचा उद्योग केला. शाळा-कॉलेजातला शिक्षक मात्र तिथेच संपला. पुढे ते लोकमान्य झाले, पण फर्ग्युसनच्या फळ्यापुढे पुन्हा उभे राहिले नाहीत.

या भांडणात कोण बरोबर होते? माझे मत स्पष्ट आहे. तत्त्व टिळकांचे मोठे होते आणि व्यवहार गोखल्यांच्या बाजूने होता. टिळकांचा नियम कडकपणे पाळला असता तर सगळ्यांत आधी आगरकरांसारख्या गरीब घरच्या माणसाला संस्था सोडावी लागली असती. ज्याच्या घरी शेतीवाडी आहे त्यालाच परवडणारा त्याग हा सर्वांवर लादायचा नियम होऊ शकत नाही. तरी राजीनाम्यात टिळकांनी ज्या धोक्यावर बोट ठेवले तो धोका खरा होता. शिक्षकाचे लक्ष वर्गातून निघून बाहेरच्या मानपानात गेले की शाळा कशी पोकळ होते, हे त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राने जागोजागी पाहिले आहे.

टिळकांची जागा रिकामी झाली तेव्हा गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या एका मित्राला बोलावून घेतले. १८९१ च्या नोव्हेंबरात तो रुजू झाला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढच्या दोन वर्षांत त्याने विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिला. एका शिक्षकाच्या जाण्याने संस्थेचे नुकसान झाले, आणि त्याच जागेवर आलेल्या दुसऱ्याने महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचे मोठे काम उभे केले. म्हणून राजीनाम्यानंतरच्या काळाकडे नुसत्या पडझडीचा काळ म्हणून पाहता येत नाही.

आता समेटाकडे वळू. आपटे १८९२ मध्ये वारले आणि आगरकर प्राचार्य झाले. दम्याने पोखरलेल्या शरीराने त्यांनी तीन वर्षे कॉलेज चालवले. १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. तो सोमवार होता. ‘केसरी’ मंगळवारी निघे. मृत्युलेख टिळकांनी स्वतः सांगून लिहवून घेतला. तो सांगताना त्यांना हुंदके आवरत नव्हते, असे त्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवले आहे. त्या लेखात त्यांनी मतभेद लपवले नाहीत आणि शाळेच्या पहिल्या दिवसांतले सोबतीपणही लपवले नाही. मला तो लेख समेटाचा पहिला खरा दस्तऐवज वाटतो, कारण तो लिहिणाऱ्याने आपली बाजू सोडलेली नाही.

गोखल्यांच्या बाबतीत हेच पुन्हा घडले. सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाने ताब्यात घेतली, न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली, सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेस दुभंगली. १९१४ च्या अखेरीस काँग्रेस पुन्हा जोडण्याची बोलणी ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने झाली. ती फिसकटली आणि त्यावरून दोघांत पुन्हा कडवट वाद झाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले वारले. टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरून पुण्यात आले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा मोठ्या आदराने गौरव केला. कडवटपणा ताजा असताना केलेला हा गौरव आहे, म्हणून त्याचे मोल अधिक.

ही माणसामाणसांतली समजूत झाली. संस्थेची समजूत याहून वेगळी आणि संथ असते. फर्ग्युसन कॉलेज सरकारी अनुदानावर आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्नतेवर उभे होते. टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, १९०८ मध्ये मंडालेची झाली. अशा माणसाला उघडपणे आपला म्हणणे त्या काळी संस्थेला परवडणारे नव्हते. रँग्लर परांजपे १९०२ मध्ये प्राचार्य झाले. ते मवाळ मताचे, आणि टिळकांचे उघड विरोधक. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तिथे टिळक बोलले. होळीत पुढाकार घेणारा विद्यार्थी विनायक सावरकर फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहत होता. त्याला दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढले गेले. ‘केसरी’ने शिक्षा करणाऱ्यांना फैलावर घेतले. म्हणजे राजीनाम्याला पंधरा वर्षे होऊन गेल्यावरही जुना शिक्षक आणि जुनी संस्था समोरासमोर उभी होती.

आज त्याच वसतिगृहातली सावरकरांची खोली कॉलेजने जपून ठेवली आहे आणि ठरावीक दिवशी ती लोकांना पाहायला उघडते. आणि सोसायटीच्या संस्थापकांची नावे सांगताना चिपळूणकर, आगरकर, आपटे, नामजोशी यांच्या बरोबरीने टिळकांचे नाव मानाने घेतले जाते. मध्ये १८९० आहे हे कुणी नाकारत नाही. संस्थेच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास प्राध्यापक लिमये यांनी इंग्रजीत लिहिला आणि तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या जुन्या संस्थेने आपला इतिहास आपल्याच माणसाकडून सविस्तर लिहून घेतला, याचे मला कौतुक वाटते. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांचा पन्नास वर्षांचा इतिहास अध्यक्षांच्या मनोगताच्या पुढे सरकत नाही.

इथे दूरच्या एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तिच्यात हाच पेच अधिक टोकदारपणे आला. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात बास्केटबॉल हा जवळजवळ धर्म आहे. बॉब नाइट हे तिथले प्रशिक्षक. १९७१ पासून २९ हंगाम त्यांनी संघ घडवला. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९७६ चा संघ तर अख्ख्या हंगामात एकही सामना हरला नाही. त्यांच्या खेळाडूंचा अभ्यास पुरा व्हायचा, नियमबाह्य पैसा संघात शिरला नाही, ही त्यांची कीर्ती. आणि त्यांचा राग ही त्यांची अपकीर्ती. १९८५ मध्ये चालू सामन्यात त्यांनी मैदानावर खुर्ची भिरकावली. १९९७ च्या एका सरावात त्यांनी एका खेळाडूचा गळा धरला, आणि त्याचे चित्रीकरण २००० मध्ये सगळ्या देशाने पाहिले. विद्यापीठाने ताकीद दिली, ती पाळली गेली नाही, आणि सप्टेंबर २००० मध्ये त्यांना काढून टाकले. गावात निदर्शने झाली.

नाइट रुसले ते वीस वर्षे. २००९ मध्ये विद्यापीठाने त्यांना आपल्या क्रीडा मानकऱ्यांत घेतले, पण ते समारंभाला गेले नाहीत. १९७६ च्या संघाचा सत्कार झाला तेव्हाही त्यांची जागा रिकामी राहिली. अखेर ८ फेब्रुवारी २०२० रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, थकलेल्या शरीराने ते आपल्या जुन्या खेळाडूंचा हात धरून त्या मैदानावर आले. हजारो लोक उभे राहिले. २०२३ मध्ये ते वारले. चित्रफीत पाहताना डोळ्यांत पाणी येते. पण ज्याचा गळा धरला होता तो खेळाडू हा दिवस पाहायला नव्हता. तो २०१२ मध्येच, ऐन छत्तिशीत, हृदयविकाराने गेला होता.

म्हणून टिळकांची आणि नाइटची गोष्ट एका मापाने मोजू नये. टिळक गेले ते तत्त्वावरून, आणि त्यांच्या जाण्याने कुणा विद्यार्थ्याला इजा झाली नव्हती. तिथे संस्थेने हात पुढे करायला कशाची वाट पाहायची? नाइटच्या बाबतीत विद्यापीठाने हात पुढे करावा, हेही मला मान्य आहे. इतकी वर्षे ज्याने मुले घडवली त्याला म्हातारपणी बाहेर ठेवण्यात संस्थेचीच शोभा जाते. मात्र ज्याला इजा झाली त्याला आधी विचारले गेले पाहिजे, आणि तो नसेल तर त्याच्याशी जे झाले ते सत्काराच्या पत्रिकेइतक्याच ठळकपणे संस्थेच्या इतिहासात लिहिले पाहिजे. टाळ्यांच्या आवाजात ते बुडून गेले तर त्याला मी समेट म्हणणार नाही. ते विसरणे झाले, आणि त्याचा भार पुन्हा दुबळ्याच्याच डोक्यावर येतो.

पुण्याहून आता मोखाड्याकडे येऊ. न्यू इंग्लिश स्कूलमधून १९०२ मध्ये मॅट्रिक झालेला एक विद्यार्थी म्हणजे बाळ गंगाधर खेर. पुढे ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढले आणि ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत शाळा आणि सेवेचे काम उभे राहिले. शिक्षकाने संस्थेला वाहून घ्यायचे, ही टिळक-आगरकरांच्या पिढीची कल्पना अशी डोंगर चढून आपल्या वारली, कोकणा, ठाकर, कातकरी पाड्यांच्या दिशेने आली. इथे तिची कसोटी अधिक कठीण होती आणि आहे. दिवाळी झाली की वीटभट्टीवर आणि रेती-बांधकामावर निघालेल्या कुटुंबांबरोबर मुले जातात. जो शिक्षक अशा वेळी पाड्यावर जाऊन मूल आजी-आजोबांपाशी ठेवायला लावतो, तो गेला की पट घटतो. कबड्डीचा किंवा धावण्याचा संघ तर अशा शाळांत एकाच माणसावर उभा असतो. मैदान आखणारा, पहाटे मुलांना उठवणारा, जव्हारला किंवा पालघरला स्पर्धेला नेताना पदरचे पैसे घालणारा तो एकच. त्याचे संस्थेशी बिनसले की पुढच्या वर्षी त्या खेळात शाळेचे नाव ऐकू येत नाही.

पुण्यात टिळक गेले तर गणिताला कर्वे मिळाले. पोशेऱ्यासारख्या गावात टिळक गेले तर कर्वे मिळेलच याची खात्री नाही. म्हणून दुर्गम भागातल्या संस्थेला आपल्या जुन्या माणसाशी तुटलेपण परवडत नाही, आणि तो समेट मृत्युलेखापर्यंत लांबवणे तर मुळीच परवडत नाही. टिळकांना आगरकरांविषयी जे वाटत होते ते लिहायला १७ जून १८९५ उजाडावा लागला. तेच पाच वर्षे आधी शिक्षकखोलीत बोलले गेले असते, तर आजारी प्राचार्याला कॉलेज चालवताना आपल्या जुन्या सोबत्याचा हात मिळाला असता. मला या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान ते वाटते.

आपल्या भागातल्या ज्या शाळा-वसतिगृहांचे सुवर्णमहोत्सव आता जवळ आले आहेत, त्यांच्या स्मरणिका समित्यांपुढे एक सूचना ठेवतो. आजवर काम केलेल्या प्रत्येक शिक्षकाचे नाव रुजू झालेल्या आणि सोडून गेलेल्या वर्षासह छापावे, राजीनामा देऊन गेलेल्यांचेही. जे हयात आहेत त्यांना पत्र टपालाने न पाठवता समितीतल्या कुणी तरी ते हातोहात घेऊन जावे. मतभेदावरून गेले असतील तर त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत दोन पाने मागून घ्यावी आणि संस्थेचे म्हणणे समोरच्या पानावर द्यावे. मुलांना मारहाण किंवा त्याहून वाईट काही घडल्यामुळे जे गेले असतील, त्यांच्याबाबत आधी त्या मुलांच्या घरी जावे. ती मुले आता मोठी झाली असतील, त्यांची स्वतःची मुले शाळेत असतील. त्यांनी नको म्हटले तर नको. आणि हे काम महोत्सवाच्या आदल्या महिन्यात न काढता या पावसाळ्यानंतर, लोक कामाला बाहेर पडण्याआधी, सुरू करावे.